चौथ्या भोकातला हत्ती

केंटकी राज्यातल्या बार्लो स्प्रिंग्ज गावी केस्ट्रल या छोट्या, वेगवान गाडीचा कारखाना आला, तेव्हा व्हर्लीन टेबर तीस वर्षांची होती. तोवरचं तिचं आयुष्य तंबाखूच्या शेतात गेलेलं. पानांच्या चिकाने बोटं काळी पडलेली, पण विलक्षण चपळ. कारखान्यात भरती करणाऱ्या माणसाने तिच्यापुढे एक खोकं ठेवलं. त्याला मनगट जेमतेम जाईल एवढं भोक होतं. आत न बघता त्यात एक चाप बसवायचा होता. तिच्या आधी आलेल्या पुरुषांना दोन-दोन मिनिटं लागली होती. व्हर्लीनने हात घातला, बाहेर काढला आणि विचारलं, "झालं. आता पुढे काय?"

"काही नाही," तो माणूस म्हणाला. "सोमवारी या कामाला."

घरी नवऱ्याला, हार्लनला, या गाडीचं भारी नवल वाटे. तो शिकारी कुत्री पाळायचा आणि त्याचं सगळं जग मालवाहू पिकअपच्या मागच्या हौद्यात मावायचं.

"दोन माणसं बसतात. कुत्रं बसत नाही, गवताचा भारा बसत नाही," तो म्हणायचा. "असली गाडी घेतो तरी कोण?"

"ज्याच्याकडे कुत्रं नाही तो," व्हर्लीन म्हणायची.

तिचं काम डॅशबोर्डचं. लाइनवर पुढे सरकत येणाऱ्या गाडीत अर्धं अंग घालायचं, वारा येण्याच्या जाळ्या, घड्याळं, बटणं जागच्या जागी बसवायची, की पुढची गाडी हजर. हे काम हाताला सवयीचं झालं की उन्हाळा यायचा. दोन आठवडे कारखाना बंद व्हायचा आणि उघडायचा तो पुढच्या वर्षाच्या मॉडेलसाठी. नव्वदचं मॉडेल एकोणनव्वदच्या ऑगस्टमध्येच सुरू व्हायचं. मासिकं वाचणाऱ्या लोकांना नव्या वर्षी इंजिनाची ताकद किती वाढली याची उत्सुकता असे. व्हर्लीनला नवं वर्ष कळायचं ते स्क्रूंवरून. काल जिथे तीन होते तिथे आज चार. काल जो चाप अंगठ्याने बसायचा त्याला आज हातोडी लागणार. शिकलेले हात पुन्हा शिकवायचे. ती कुरकुरायची, पण सप्टेंबर उजाडायच्या आत तिचाच हात सगळ्यांत आधी बसायचा.

अशी सत्तावीस वर्षं गेली. तिच्या डोक्यात कॅलेंडर उरलंच नाही, मॉडेलं उरली. नणंद कोणत्या साली गेली असं कुणी विचारलं, तर ती डोळे मिटून म्हणायची, "घड्याळाचे हिरवे आकडे नारिंगी झाले ना, त्या साली." निवृत्तीच्या दिवशी बायकांनी गाडीच्या आकाराचा केक आणला. व्हर्लीनने चष्मा लावून तो सगळ्या बाजूंनी पाहिला. "दिवे पंच्याण्णवचे आणि चाकं दोन हजारची," ती म्हणाली. "पण खायला हरकत नाही."

निवृत्तीनंतर ती भाजीपाला लावी, चर्चमध्ये रविवारच्या शाळेतल्या मुलांना गोष्टी सांगे, आणि दर जूनला नदीकाठच्या मैदानावर केस्ट्रल मालकांचा मेळावा भरे तेव्हा चर्चच्या बायकांबरोबर खाण्याचं टेबल लावी. मेळाव्याला दोनशे-अडीचशे गाड्या यायच्या. व्हर्लीन त्यांच्याकडे फारशी फिरकायची नाही. मीठ लावून मुरवलेल्या हॅमचे तुकडे घातलेली पावासारखी बिस्किटं आणि अंडी-साखर-लोण्याचं सारण भरून भाजलेली 'पाय' नावाची गोड पोळी विकायची, आणि टेबलावरची तिची जोडीदारीण डॉट हिच्याशी गावातल्या बातम्यांची देवाणघेवाण करायची.

त्या वर्षी, दोन हजार चौदाच्या मेळाव्यात, दुपारी टेबलासमोरच्या बाकावर एक उंच, कृष्णवर्णीय माणूस येऊन बसला. पन्नाशी उलटलेला. कडक इस्त्रीचा शर्ट आणि हातात दुमडलेला कागद. बराच वेळ तो नुसता बसून होता.

"काय हो, भूक नाही का?" डॉटने विचारलं. "की आमची पाय बघूनच पोट भरलं?"

"तसं नाही मॅडम. पाय छान दिसतेय." तो कसनुसं हसला. "आत्ताच थोडं कडू गिळलंय, एवढंच."

त्याचं नाव लमार पेटवे. अलाबामात शाळेची बस चालवायचा. त्याच्या थोरल्या भावाने, एडीने, नव्वद सालची केस्ट्रल कोरी करकरीत घेतली होती. ती नुसती केस्ट्रल नव्हे, तिच्यातली सगळ्यांत वेगवान, 'आर'. एडी गेल्यावर गाडी लमारकडे आली. तिचं इंजिन उतरवून, रंग देऊन, कातडं शिवून तिला पुन्हा पहिल्यासारखी करायला लमारला नऊ वर्षं लागली. मेळाव्यात परीक्षक प्रत्येक गाडी तपासतात आणि जी कारखान्यातून निघाली तशीच्या तशी असेल तिला निळी फीत देतात. लमार त्या फितीसाठी सहा तास गाडी चालवत आला होता.

"परीक्षक म्हणतात, वाऱ्याच्या जाळ्या चुकीच्या वर्षाच्या आहेत," त्याने कागद उलगडला. "नव्वदच्या गाडीला आडव्या पट्ट्या हव्यात, माझ्या गाडीला गोल जाळ्या आहेत. म्हणजे कुणीतरी जुन्या गाडीतून काढून घातल्या. एक तर एडीला फसवून विकली, नाही तर एडीनेच काहीतरी केलं, असं म्हणाले. मार्कांचं काही नाही हो. पण माझा भाऊ असा माणूस नव्हता. आणि डॅशबोर्डला मी स्वतः बोटही लावलेलं नाही. त्याने जसा ठेवला तसाच ठेवलाय."

पायचा तुकडा कापता कापता व्हर्लीन थांबली.

"गाडीचा नंबर काय?"

"शेवटचे आकडे? सतरा."

"सतरा," व्हर्लीन स्वतःशीच म्हणाली. तिने सुरी पुसली, एप्रन सोडून डॉटच्या खांद्यावर टाकला. "तू सांभाळ गं जरा. मी या भल्या माणसाबरोबर जाऊन येते."

"अगं, ही गिऱ्हाइकं?"

"त्यांना म्हणावं, रांगेत उभं राहिल्याने भूक वाढते."

लमारची गाडी गर्द लाल होती. तिच्याजवळ खुर्ची टाकून मुख्य परीक्षक बसले होते. प्रेंटिस ओगल, इंडियानाचे निवृत्त दंतवैद्य. हातांवर पांढरे हातमोजे, कपाळावर दवाखान्यातला जुना दिवा आणि मांडीवर जाडजूड पुस्तक. ते पुस्तक त्यांनीच लिहिलं होतं. केस्ट्रलमध्ये कोणत्या वर्षी काय बदललं, याची साडेतीनशे पानं. क्लबात त्याच्यापुढे कुणी बोलत नसे.

"डॉक्टर, या गाडीच्या जाळ्या बरोबर आहेत," व्हर्लीन म्हणाली.

ओगलसाहेबांनी वर पाहिलं. समोर फुलाफुलांचा ब्लाउज घातलेली, कोपरापर्यंत पीठ लागलेली बाई.

"पान दोनशे बारा, मॅडम. गोल जाळ्या एकोणनव्वदपर्यंत. नव्वदपासून आडव्या पट्ट्या. अपवाद नाही."

"पानाचं मला माहीत नाही. जाळ्या मीच बसवल्यात."

"या गाडीच्या?"

"हिच्या आणि हिच्या पुढच्या-मागच्यांच्याही. पटत नसेल तर एक करा. उजवी जाळी काढा आणि चौथ्या स्क्रूचं भोक बघा. त्यात हत्ती असेल."

आजूबाजूची माणसं जवळ सरकली. लमारने खाली बघितलं. बाईला ऊन लागलं असावं, असं त्याला वाटलं.

"काय असेल?" ओगलसाहेबांनी सावकाश विचारलं.

"हत्ती. अख्खा नाही हो, अख्खा कसा मावेल? कानाचा नाही तर पायाचा तुकडा."

मग उभ्या उभ्या तिने सांगितलं. एकोणनव्वदच्या ऑगस्टमध्ये कारखाना उघडला, नव्वदचं मॉडेल लाइनवर आलं, आणि पट्ट्यांच्या जाळ्यांचं पहिलंच खोकं उघडलं तर त्यांचे चाप उलट्या बाजूला. एकही बसेना. लाइन थांबली असती तर वरपर्यंत बोंब झाली असती. बक नावाचा त्यांचा फोरमन घामाघूम. तो मागच्या वर्षीच्या उरलेल्या गोल जाळ्या घेऊन आला आणि म्हणाला, बसवा आणि कागदावर काही लिहू नका. पण गोल जाळीला तीन स्क्रू आणि नव्या डॅशबोर्डला भोकं चार. पहिल्या चार गाड्या चाचणीच्या रस्त्यावर गेल्या आणि तिकडून लगेच तक्रार आली. वेग वाढला की चौथ्या भोकातून वारा शिरायचा आणि गाडी चहाच्या किटलीसारखी शिट्टी मारायची.

"बक म्हणाला, व्हर्लीन, काहीही कर पण ही शिट्टी बंद कर. आता काहीही म्हणजे काय? माझ्या डब्याच्या पिशवीत रविवारच्या शाळेचं सामान होतं. बायबलातल्या नोहाच्या नौकेतले प्राणी कापत होते मी जेवणाच्या सुट्टीत, जाड फेल्टच्या कापडाचे. त्याचे उरलेले तुकडे होते. एकेक गुंडाळला आणि दिला दाबून. शिट्टी बंद. पहिल्या दिवशी करडं कापड होतं, हत्तीचं. ते संपलं मग सिंहाचं पिवळं. शेवटी डोंगराचं हिरवं. सतरा नंबर पहिल्या दिवसाचा, म्हणून म्हटलं हत्ती."

"आणि याची कुठेही नोंद नाही?"

"डॉक्टर, तुमच्याकडे माणूस किडका दात घेऊन यायचा तेव्हा तुम्ही काय करायचात? भोक बुजवायचात ना? मीही तेच केलं. तुम्ही नोंद ठेवलीत, मला पुढची गाडी घ्यायची होती."

मागून कुणीतरी फसकन हसलं. ओगलसाहेब हसले नाहीत. त्यांनी हातमोजे नीट ओढून घेतले आणि लमारला विचारलं, "मिस्टर पेटवे, काढायची परवानगी आहे?"

"मीच काढतो," लमार म्हणाला.

तीन स्क्रू त्याने एकेक करून सावकाश काढले आणि शर्टाच्या खिशात ठेवले. एडीनंतर या डॅशबोर्डला पहिल्यांदाच कुणाचा हात लागत होता. जाळी बाहेर आली. ओगलसाहेबांनी कपाळावरचा दिवा लावला, खिशातून दातांचा लांब चिमटा काढला आणि आत वाकले. काहीतरी हलकेच ओढलं. चिमट्याच्या टोकाला करड्या कापडाची बोळी होती. त्यांनी ती तळहातावर उलगडली. कापडावर काळ्या शाईने काढलेला एक डोळा होता.

"अरेच्चा," व्हर्लीन पुढे होऊन म्हणाली, "हा तर बिघडलेला. डोळा उलट्या बाजूला काढला होता मी, म्हणून टाकून दिलेला."

पंचवीस वर्षं अंधारात राहिलेला तो डोळा सगळ्यांकडे बघत होता. ओगलसाहेबांनी कपाळावरचा दिवा बंद केला. मग त्यांनी पुस्तक उघडलं, दोनशे बारावं पान काढलं, शाईच्या पेनाने 'अपवाद नाही' हे दोन शब्द खोडले आणि तारीख घातली. त्यानंतर लमारचा कागद घेतला, त्यावरचा शेरा खोडला आणि त्याच्यापुढे हात केला.

"तुमच्या भावाबद्दल मी जे बोललो ते चुकीचं होतं, मिस्टर पेटवे. माफ करा."

लमारने हात हातात घेतला, मान हलवली आणि गाडीच्या पलीकडे जाऊन वहिनीला फोन लावला. त्याचं एकच वाक्य इकडे ऐकू आलं. "एडीची गाडी एडीचीच आहे, वहिनी. तिच्यात हत्ती निघाला." पलीकडून काय विचारलं गेलं असेल ते सगळ्यांना समजलं, कारण लमार रडता रडता हसायला लागला.

मेळाव्याची बातमी क्लबच्या मासिकात आली आणि व्हर्लीनच्या घरचा फोन वाजायला लागला. ओरेगनहून एकाने जाळी उघडली तर सिंहाची शेपटी. टेक्सासच्या एका बाईंना हिरवा डोंगर सापडला. एकाला नुसतं भोक सापडलं. तो इतका हिरमुसला की व्हर्लीनने त्याला सांगितलं, "अहो, तुमची गाडी पहिल्या चारांतली असेल. शिट्टी मारते का?" तो म्हणाला, "मारते!" आणि खूश होऊन त्याने फोन ठेवला. वर्षभरात एकोणीस गाड्या सापडल्या. मालक मंडळी एकमेकांना प्राण्यावरून ओळखू लागली. हार्लन फोन उचलून तिकडूनच ओरडायचा, "व्हर्लीन, तुझा जिराफ आलाय!"

"मी जिराफ कापलेच नव्हते," ती म्हणायची. "खोटा आहे, ठेव फोन."

पण सगळ्यांत जास्त येणं-जाणं वाढलं ते डॉक्टर ओगल यांचं. ऑक्टोबरमध्ये एका शनिवारी ते पुस्तक काखेत मारून दारात उभे राहिले.

"मिसेस टेबर, मला वाटतं यात आणखी काही चुका असाव्यात."

"बसा," व्हर्लीन म्हणाली. "बीन्स आणि मक्याचा ब्रेड आहे. आधी जेवा. चुका कुठे पळून जात नाहीत."

मग दर महिन्याला एक शनिवार ठरून गेला. ओगलसाहेब एकेक पान वाचायचे, व्हर्लीन शेंगा सोलता सोलता ऐकायची. कधी मान हलवायची, कधी म्हणायची, "छे."

"छे म्हणजे काय? माझ्याकडे कंपनीचं पत्र आहे. शहाऐंशी सालच्या मॉडेलला सुरुवातीपासून काळे स्क्रू."

"पत्र लिहिणारा लाइनवर होता का?"

"तो ऑफिसात होता."

"मग ऑफिसात काळे असतील. आमच्याकडे नाताळापर्यंत चांदीच्या रंगाचे होते."

हार्लन कुत्र्यांना खरकटं घालता घालता म्हणायचा, "डॉक्टर, सव्वीस वर्षं मी या बाईशी वाद घातला. सत्ताविसाव्या वर्षी सोडला. तेव्हापासून तब्येत चांगली आहे."

डॉक्टर मात्र सोडणारे नव्हते. एकदा, फेब्रुवारीत, घड्याळाच्या काचेवरून दोघांचं चांगलंच वाजलं. व्हर्लीन म्हणे काच त्र्याण्णवला बदलली, ओगल म्हणत चौऱ्याण्णवला. ते रागारागाने निघून गेले. आठवड्याने व्हर्लीनला माळ्यावर स्वतःचाच एक जुना फोटो सापडला. त्र्याण्णवच्या मे महिन्याची तारीख पाठीवर, आणि तिच्यामागच्या गाडीत जुनीच काच. तिने अक्रोडासारखे पेकान घातलेली पाय भाजली, फोटो वरती ठेवला आणि डबा इंडियानाला पाठवून दिला. सोबत चिठ्ठी नव्हती. पुढच्या शनिवारी डॉक्टर रिकामा, धुतलेला डबा घेऊन आले. तेही त्या विषयावर काही बोलले नाहीत. पुस्तकावरून दोघांचे एकंदर त्रेचाळीस वाद झाले. त्यांतले बेचाळीस व्हर्लीनने जिंकले, हे ती सगळ्यांना सांगायची. त्रेचाळिसावा कुणी जिंकला, हेही सांगायची.

पुढच्या जूनच्या मेळाव्यात लमार पुन्हा आला. त्याने बसमधल्या मुलांना हत्तीची गोष्ट सांगितली होती आणि त्यांनी रंगवलेले चाळीस हत्ती एका पाकिटात भरून व्हर्लीनसाठी आणले होते. ते सगळे टेबलावर मांडून झाल्यावर तो म्हणाला, "मिस व्हर्लीन, चला, एक चक्कर मारून येऊ."

"कशात?"

"माझ्या गाडीत, आणखी कशात?"

व्हर्लीन हात पुसत राहिली. "मी केस्ट्रलमध्ये कधी बसले नाही रे," ती म्हणाली.

"म्हणजे? सत्तावीस वर्षं..."

"अर्धी आत, अर्धी बाहेर. पाय कायम जमिनीवर. इंजिन सुरू व्हायचं ते पुढच्या हॉलमध्ये, तिथे चाचणीवाले असायचे. आम्हाला जाऊन बघायलाही वेळ नसायचा."

लमारने किल्ली तिच्या हातात ठेवली. "मग मी शेजारी बसतो. चालवा तुम्ही."

"अगं व्हर्लीन, नको!" डॉट ओरडली. "तुझं कंबरडं!"

"माझं कंबरडं याच गाडीत गेलंय," व्हर्लीन म्हणाली. "आता जरा तिने भरपाई द्यावी."

आत बसणं हीच पहिली कसरत. लमारने एक पाय उचलून दिला, डॉटने दुसरा. बसल्यावर तिने समोर पाहिलं आणि क्षणभर तिला काहीच ओळखीचं वाटेना. हा डॅशबोर्ड तिने हजारो वेळा बघितला होता, पण कायम वाकड्या मानेने, बाजूने, नाकाला स्क्रू टेकवून. समोरून तो असा दिसतो हे तिला ठाऊकच नव्हतं. गोल जाळ्या दोन डोळ्यांसारख्या तिच्याकडे वळलेल्या. तिने बोटाने एक जाळी थोडी खाली केली. वारा गळ्यावर आला.

"छान बसवलीय," ती म्हणाली.

"कुणी?" लमारने विचारलं.

"गप्प बस आणि पट्टा लाव."

नदीकाठचा रस्ता सहा मैल सरळ जातो आणि मग टेकडीला वळसा घालतो. पहिला मैल व्हर्लीनने इतक्या हळू काढला की मागून हार्लनची पिकअप, दोन कुत्री हौद्यात उभी करून, हॉर्न वाजवत आली. "व्हर्लीन, बाजूला हो, मला घरी जायचंय!" तो खिडकीतून ओरडला. तेवढं पुरलं. तिने दात आवळले, गिअर टाकला आणि पाय दाबला. आवाज पाठीतून, पोटातून, दातांतून आला. शेतं, तंबाखूची कोठारं, पत्रपेट्या मागे उडाल्या. शेजारी लमार दोन्ही हातांनी सीट धरून "हो, हो, हो" एवढंच म्हणत होता, आणि ते होकारार्थी होतं की देवाचा धावा होता हे त्यालाही सांगता आलं नसतं. टेकडीच्या वळणावर तिने वेग उतरवला, वळण घेतलं आणि पुन्हा सोडलं. गाडी रस्त्याला अशी चिकटून होती की जणू तिला कुणी धरून ठेवलंय.

मैदानावर परत आले तेव्हा ओगलसाहेब पुस्तक हातात घेऊन उभेच होते. व्हर्लीनचे सगळे केस उभे राहिलेले, गाल लाल, चष्मा एका कानावर.

"मग? कशी आहे?" त्यांनी विचारलं.

व्हर्लीन बसूनच राहिली. डाव्या पायाची पोटरी दाबत ती म्हणाली, "क्लच फार जड आहे हो हिचा."

"नव्वद आणि एक्याण्णवला जडच होता. ब्याण्णवला हलका केला."

"ठाऊक आहे. ती नवी स्प्रिंग आली तेव्हा बसवणाऱ्या माणसांनी किती शिव्या घातल्या होत्या. उगीच कशाला बदलतात, चांगलं चाललंय की, म्हणायचे. मीही म्हणत होते." तिने पोटरीवरून हात फिरवला आणि मोठ्याने हसली. "लिहा तुमच्या पुस्तकात, डॉक्टर. बरं झालं बदलला."